उकडे तांदूळ

मिंगेल आला तेव्हा फोन बरणीत होता,
उकड्या तांदळात गळ्यापर्यंत पुरलेला.
तीन दिवस झाले, म्हणाला, आता सुकला असेल.
मी म्हटलं, तेवढ्यात भात झाला असता.
तो हसला नाही.

कामुर्लीच्या खाजनात, मानशीच्या दारापाशी,
भर भरतीला, रात्री
हातातून निसटला.
खारं पाणी?
अर्धं खारं, बाय. नदी आणि दर्या जिथं भांडतात तिथलं.
वर थोडा हुर्राक ओतला.
कुणी सांगितलं होतं, अल्कोहोलनं धुतात.

धुतात, पण हुर्राकानं नाही.
पाठ उघडली तसा काजूच्या बोंडांचा वास
दुकानभर पसरला. दुकान म्हणजे
म्हापशाच्या बसस्टँडमागं, जिन्याखाली,
दोन खुर्च्या मावतील एवढी जागा.

गोड्या पाण्याला थोडी दयामाया असते.
मीठ बसून खातं.
बोर्डावर हिरवट गंज,
चार्जिंगच्या तोंडात फुगलेला एक तांदूळ.
चिमट्यानं काढला. जुन्या टूथब्रशनं घासलं.
मग बोर्ड मशीनच्या पाण्यात सोडला,
आणि बुडालेल्याला पुन्हा बुडवताना पाहून
मिंगेलनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

मीटर ओरडत होता. कुठंतरी शॉर्ट.
हळूच करंट सोडला, बोट फिरवत गेले,
तिळाहून लहान एक कपॅसिटर पोळला.
उपटून टाकला.
तो नसला तरी चालतं.
स्क्रीन उसना, दुसऱ्या एका मेलेल्या फोनचा.

फोन जगणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं.
तासभर उठवायचा,
पोटातलं काढून घेण्यापुरता.

पॅटर्न काय?
त्याला सांगता येईना. हवेत काढून दाखवला,
चुकला. डोळे मिटून पुन्हा.
शेवटी थेट काचेवर,
खवल्यांनी चिरलेल्या जाड बोटानं.
उघडलं.

चार हजार सहाशे फोटो.
टोपलीतली सुंगटं. तराजूवरची सुंगटं.
पिएदाद, लग्नाला निघालेली, कशावरून तरी रागावलेली.
मानशीच्या फळीवर खडूची रेघ,
रोज, भरतीच्या वेळेला, रोज.
आम्ही पाहायचं नसतं.
केबल लावायची आणि टक्के मोजायचे.

शेवटचा, तो म्हणाला. शेवटचा दाखव.
त्या रात्री बांध फोडला. कुणी, ते त्यात आहे.
पंचायतीत टेबलावर ठेवतो.

शेवटचा फोटो अर्धाच लिहिला गेला होता.
वर अंधार, टॉर्चचा उजेड,
उगारलेला पिकाव, त्याच्या दांड्यावरचे दोन हात.
त्याखाली नुसतं करडं,
जणू माणूस तिथूनच पाण्यात गेलेला.
चेहरा नाही, मी म्हटलं. वाईट झालं.

मिंगेल दांड्याकडं पाहत होता.
दांड्याला जाळ्याची निळी दोरी गुंडाळलेली,
शेवटाला उलटी गाठ.
त्यानं बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला,
पुन्हा मोठा केला.
ही गाठ मी मारतो, म्हणाला. आमच्या घरात.
मग बराच वेळ काहीच नाही.
बाहेर कंडक्टर पणजी पणजी ओरडत होता.

काढ, बाय.
प्रिंट?
नाही. पुसून काढ.

खात्री आहे का, फोननं विचारलं.
मी हात मागं घेतला.
बोट त्यानंच टेकवलं,
आणि कॉपीतूनही काढायला लावला.
पुसलेलं कुठंतरी राहतं,
हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

बाकीचं सगळं पेनड्राइव्हवर दिलं.
देव बरें करूं, म्हणाला. पैसे मोजले,
सुटे परत घेतले नाहीत. बरणी विसरला.

तांदूळ फुकट का घालवायचे?
घरी सुपात पसरले. निवडताना नखाला टोचलं:
सिमचा ट्रे, सिमसकट.
पुसून पाकिटात ठेवला,
शुक्रवारच्या बाजारात देऊ म्हणून.

शुक्रवारी त्याच्या जागेवर पिएदाद बसली होती.
मी तिला लगेच ओळखलं,
म्हणून ट्रे पाकिटातच राहिला.
अर्धा किलो सुंगटं घेतली.
भाव केला नाही.